नक्कल कोणाच्या नावाची

आमच्या मेहकरच्या धाब्याच्या घरात एक लोखंडी पेटी होती. तिच्यात आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, नोकरीतलं सामान असे. दोन टाक, पितळी दौत, टिपकागदाचा लाकडी रोलर, आखणीची पट्टी आणि लाल रुमालात बांधलेले काही कागद. आबा तहसिलीत नक्कलनवीस होते. शेतकऱ्याला कोर्टकज्ज्यासाठी किंवा सावकारापुढे ठेवायला जुन्या कागदाची नक्कल लागे. अर्ज यायचा, त्यावर तिकीट चिकटलेलं असायचं, आणि आबा ती नक्कल हाताने उतरवून द्यायचे. अक्षर असं की ओळीखाली रेघ आखली आहे की काय असं वाटावं.

मी लहान असताना त्यांनी मला एका नक्कलेचा खालचा डावा कोपरा दाखवला होता. तिथे तीन नावं होती. नक्कल करणार, रुजू करणार आणि त्याखाली ‘खरी नक्कल’ म्हणून सही करणारा अधिकारी. मी विचारलं, एकाच कागदाला तीन माणसं कशाला? आबा म्हणाले, “पोरी, माह्या हातात टाक होता, शिक्का नव्हता. ज्याच्या हातात शिक्का, त्यानं टाक धरायचा नाही.”

पुढे मी अमरावतीला संगणक शिकले, जिल्ह्यात परत आले आणि वीसेक वर्षं लहान-मोठ्या संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहिले. आबांच्या त्या वाक्याचा अर्थ मला एका चुकीनंतर कळला. ती चूक पुढे सांगतेच, पण त्याआधी त्या तीन नावांचा इतिहास सांगायला हवा. तो माझ्या धंद्याचाही इतिहास आहे.

बुलढाणा जिल्हा वऱ्हाडचा. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, 1902 मध्ये त्याचा कायमचा पट्टा झाला आणि 1903 पासून तो मध्य प्रांताला जोडला गेला. जमिनीची मोजणी मात्र 1860 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या रयतवारी धर्तीवर सुरू झाली होती. म्हणजे मालक निजाम, कारभार इंग्रजांचा, मोजणीची पद्धत मुंबईची आणि पुढे राजधानी नागपूर. गावात त्या साऱ्याचा चेहरा एकच होता, पटवारी. जिल्हा 1956 साली मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात आला आणि 15 ऑगस्ट 1967 पासून महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम लागू झाला. कायद्याच्या भाषेत तलाठी आला, तरी आमच्याकडची म्हातारी माणसं शेवटपर्यंत ‘पटवारी’च म्हणत राहिली.

राज्यकर्ते बदलले, एक गोष्ट बदलली नाही. लिहिणारा वेगळा आणि खरं ठरवणारा वेगळा. आजही तलाठी फेरफाराची नोंद घेतो, संबंधितांना नोटीस देतो, हरकतीची मुदत जाते, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. ज्याने नोंद लिहिली त्याने ती प्रमाणित करायची नाही. गावाचा सगळा जमीनजुमला या एका शिस्तीवर उभा आहे.

ही शिस्त इंग्रजांनी आणली असं कोणी सांगितलं तर मी ऐकणार नाही. आमच्या जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे, जिजाऊंचं माहेर. त्यांच्या मुलाच्या राज्यातलं पत्र कसं असे? माथ्यावर शिक्का, आणि मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तब. शिक्का सांगायचा की हे पत्र कोणाच्या अधिकाराने निघालं. मोर्तब सांगायचं की मजकूर इथे संपला, याखाली कोणी एक अक्षर वाढवलं तर ते आमचं नव्हे. मोर्तब ही मर्यादेची खूण. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आता एकाच दमात, एकाच अर्थाने उच्चारतो, पण त्यात दोन वेगळी कामं आहेत. एक अधिकार देतं, दुसरं त्या अधिकाराला कुंपण घालतं. मला संगणकावरच्या परवानग्या शिकवताना कोणी हा शब्द फोडून सांगितला असता तर फार बरं झालं असतं.

आबांच्या तहसिलीतली पद्धत त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली आहे की डोळ्यांसमोर उभी राहते. अर्ज आला की तो नोंदवहीत चढे. रेकॉर्डकीपर बस्ता काढून देई. बस्त्याला हात लावायचा हक्क त्याचा एकट्याचा, आबांचा नाही. आबा नक्कल उतरवत. जुना कागद मोडीत असेल तर वेळ लागे, कारण काना-मात्रा चुकला तर बांध सरकतो असं ते म्हणत. मग रुजवात. दुसरा कारकून मूळ कागद मोठ्याने वाची, आबा आपल्या नक्कलेवर बोट फिरवत. खाडाखोड झाली असेल तर तिच्यापाशी दोघांच्या आद्याक्षऱ्या. मग कागद साहेबांकडे जाई, गोल शिक्का उठे आणि शिक्का परत कुलपात. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, सगळ्या तारखा त्याच कागदावर. नक्कल हरवली, खोटी निघाली, तर शोध घ्यायला त्या कोपऱ्यातली नावं पुरेशी होती.

या हिशेबात आबांना एकच हक्क होता. समोर ठेवलेला कागद उतरवायचा. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट तो हक्क एवढाच होता म्हणून ते निर्धास्त झोपत.

मग संगणक आले. जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्राची योजना 1988-89 मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून निवड झाली ती विदर्भातल्याच वर्ध्याची. त्या काळात देवनागरी पडद्यावर आणायला पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लागायचं, आणि कागदावर आणायला करकर वाजणारा डॉट मॅट्रिक्स. छापणं तेव्हा सोपं होतं, कारण प्रिंटर त्याच टेबलावर, वायर त्याच डब्याला आणि बसणारा माणूस एकच. कोणी छापलं हा प्रश्नच नव्हता. खुर्चीत कोण होता ते सगळ्या कचेरीने पाहिलेलं असे.

खुर्ची आणि प्रिंटर यांची ताटातूट झाली ती वेबमुळे. प्रोग्रॅम आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर, माणसं बाहेरच्या खिडक्यांवर, प्रिंटर तिसऱ्याच टेबलाला जोडलेला. खिडकीवरचा माणूस बटण दाबतो आणि छापतो मात्र सर्व्हर. आता हा सर्व्हर कोण? त्याचं नाव काय? आबांच्या नक्कलेच्या कोपऱ्यात त्याने काय लिहायचं?

माझी चूक इथली आहे. साल 2006. आमच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेसाठी मी वेबवर चालणारा प्रोग्रॅम लिहिला होता. खरिपाच्या तोंडावर शेतकऱ्यांना पीककर्जासाठी बेबाकी दाखला लागतो, म्हणजे आमच्याकडे तुमचं काही देणं नाही असा कागद. मे-जूनमध्ये त्यासाठी दारात रांग लागते. उन्हात उभी राहिलेली ती माणसं पाहिली की वाटायचं, बटण दाबलं की दाखला हातात पडावा. घरच्या संगणकावर सगळं सुरळीत छापलं जात होतं. संस्थेच्या सर्व्हरवर चढवलं आणि एकही कागद निघेना. प्रोग्रॅम म्हणे, या मशीनवर प्रिंटरच नाही. मी त्याच मशीनवर बसून दुसरीकडून छापलं तर कागद बाहेर! दोन दिवस माझं डोकं चालेना.

कारण साधं होतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. विंडोजमध्ये प्रत्येक काम कोणत्या ना कोणत्या खात्याच्या नावाने चालतं. मी बसले की माझ्या नावाने. वेब सर्व्हर मात्र माझ्या नावाने चालत नव्हता. विंडोज सर्व्हर 2003 मध्ये त्याला ‘नेटवर्क सर्व्हिस’ नावाचं एक मुद्दाम दुबळं ठेवलेलं खातं दिलेलं असायचं. दुसऱ्या संगणकाला जोडलेला, शेअर केलेला प्रिंटर आपण जोडतो तेव्हा ती जोडणी आपल्या एकट्याच्या खात्यात नोंदली जाते. दुबळं खातं कधी कोणी लॉग-इन करून वापरलेलंच नसतं, मग त्याच्या लेखी तो प्रिंटर जगात नसतो. शिवाय संस्थेत डोमेन, म्हणजे सगळ्या संगणकांना सामाईक अशी खात्यांची यादी, नव्हतं; सुटे संगणक एकमेकांना वायरीने जोडलेले. प्रिंटरवाल्या संगणकाला हे परकं खातं ओळखीचं नव्हतं, त्यामुळे त्याने दार उघडलं नाही. खरं तर दोन्ही मशिनी अगदी बरोबर वागत होत्या. अनोळखी माणसाला बस्ता द्यायचा नाही, एवढंच त्या पाळत होत्या.

बाहेर रांग होती. मी वेब सर्व्हरला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं देऊन टाकलं. दोन्ही मशिनींवर त्याचा पासवर्ड एकच होता. कागद धडाधड निघू लागले, लोक टाळ्या वाजवायचे बाकी होते. जोडणी टिकावी म्हणून सर्व्हरच्या पडद्यावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दिवसभर उघडा ठेवायचा, अशी सूचनाही मीच वहीत लिहून दिली. छापण्यापुरता हक्क हवा होता त्या कामाला मी सगळ्या घराच्या किल्ल्या दिल्या.

आठ महिन्यांनी फोन आला. थकबाकी असलेल्या काही जणांच्या हातात बेबाकीचे दाखले होते. कागद संस्थेचा, छपाई संस्थेच्या प्रिंटरची, क्रमांक बरोबर. कोणी छापले? मी सर्व्हरची नोंद उघडली. विंडोज प्रत्येक छपाईची नोंद ठेवतं: कागदाचं नाव, मालकाचं नाव, किती पानं. मी ओळीमागून ओळ खाली जात राहिले. प्रत्येक ओळीत मालक एकच, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. आठ महिन्यांत ज्या कोणी छापलं ते सगळे त्या एका नावाखाली बुडाले होते. खिडकीवर तीन माणसं बसत होती, पण माझ्या प्रोग्रॅमने त्यांची नावं कुठेही लिहून ठेवली नव्हती.

संशय गेला तो प्रिंटरजवळ बसणाऱ्या पोरावर. नवीन लागलेला, वडील शेतमजूर. तो मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, “मॅडम, म्या तं बटनबी दाबलं नाई. तुमच्या मशीनले तं माहीत असंन ना?” माझ्या मशीनला माहीत नव्हतं. त्याला कामावरून कमी केलं. त्याने छापले होते की नव्हते हे आजतागायत कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही, आणि ते सिद्ध करता येऊ नये अशी व्यवस्था मी केली होती. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

त्या रात्री मेहकरला घरी जाऊन पेटी उघडली. आबा तेव्हा हयात नव्हते. कागद उलगडला, खालचा डावा कोपरा पाहिला. उत्तर तिथे लिहिलेलं होतं.

आठवड्याभरात सगळं फिरवलं. सर्व्हर आणि प्रिंटरवाला संगणक, दोन्हींवर एकाच नावाचं एक साधं खातं तयार केलं. त्याचं नाव ठेवलं नक्कलनवीस. वेब सर्व्हरला ते खातं दिलं. प्रिंटरच्या परवानग्यांमध्ये तीन रकाने असतात: छापणे, रांगेतले कागद सांभाळणे आणि प्रिंटरच सांभाळणे. नक्कलनविसाला पहिला दिला, बाकी दोन नाही. दुसऱ्याचा कागद रांगेतून काढण्याचाही हक्क नाही. प्रिंटर मशीनपातळीवर जोडला, म्हणजे कोणी लॉग-इन करून बसायची गरज उरली नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बदलून बंद पाकिटात, पाकिटावर दोघांच्या सह्या आणि पाकीट तिजोरीत. आणि मुख्य म्हणजे, खिडकीवरच्या प्रत्येकाला वेगळं लॉग-इन दिलं. दाखल्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापायला लागलं: तयार करणार अमुक, तपासणार अमुक, तारीख, वेळ. ज्याने तयार केलं त्याच्याच नावाने तपासणी करू पाहिली तर प्रोग्रॅम नकार देतो.

पुढे वाचत गेले तसं कळलं की जगातल्या शहाण्या लोकांनी हे कधीच ओळखलं होतं. युनिक्सच्या घराण्यात छपाईसाठी ‘एलपी’ नावाचं वेगळं खातं असतं, लाइन प्रिंटरची आद्याक्षरं. 1999 मध्ये आलेल्या ‘कप्स’ या छपाईव्यवस्थेतही कागद तयार करायची कामं त्या साध्या खात्याने चालतात आणि व्यवस्थापनाचा गट वेगळा. जिथे हा भेद पुसट राहिला तिथे काय झालं, तेही जगाने पाहिलं. विंडोजमधला प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग लावणारा कारकून, मशीनवरच्या सर्वोच्च अधिकाराने चालतो. 2021 च्या जून-जुलैमध्ये त्यातली ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली फट उघडी पडली. साधा वापरकर्ता या रांगवाल्याच्या हातून घातक ड्रायव्हर चढवू शकत होता आणि सगळं मशीन ताब्यात घेऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टला घाईघाईने दुरुस्ती द्यावी लागली, आणि ऑगस्टमध्ये प्रिंटरचा ड्रायव्हर चढवायचा हक्कच प्रशासकापुरता ठेवावा लागला. नक्कलनविसाच्या हातात शिक्का होता, इतकीच ती गोष्ट.

आज सर्व्हरकडून छापून घेण्याचा प्रकार कमी झाला आहे. सर्व्हर पीडीएफ तयार करतो आणि ज्याला हवा तो आपापल्या प्रिंटरवर काढतो. त्यामुळे छापण्याला किंमत उरली नाही, सगळी किंमत सहीला आली. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली, आणि 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपये भरून लोणारचा शेतकरी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाकडून तो काढून घेतो. ई-फेरफार प्रणालीत तलाठ्याचं लॉग-इन वेगळं, मंडळ अधिकाऱ्याचं वेगळं, आणि स्वाक्षरीचं टोकन ज्याचं त्याच्याकडे. म्हणजे आबांच्या तहसिलीतली ती शिस्त संगणकातही जागेवर आहे. 2024 मध्ये तलाठ्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, तरी काम तेच आहे. टोकन आणि त्याचा पिन स्वतःजवळ ठेवायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, ही गोष्ट मात्र कोणताही प्रोग्रॅम सक्तीने पाळायला लावू शकत नाही. ती माणसालाच पाळावी लागते.

आणि आता आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट, जिचा मला अभिमान आहे. सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं मेलेल्या माणसांची नावं तशीच राहतात. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, तरी खातेदार म्हणून आजोबाच. कर्ज मिळत नाही, विकता येत नाही, वाटण्या अडतात. ही नावं काढून वारसांची नावं लावण्याची ‘जिवंत सातबारा’ मोहीम 1 मार्च 2025 पासून बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली, आणि इथलं काम पाहून 1 एप्रिलपासून ती सगळ्या राज्यात लागू झाली. गावोगाव चावडीवर मृत खातेदारांच्या याद्या वाचल्या जात होत्या.

त्याच महिन्यात त्या संस्थेने मला पुन्हा बोलावलं, सर्व्हर बदलायचा होता म्हणून. चावडीवरची यादी डोक्यात होती, म्हणून मी आधी सर्व्हरवरच्या खात्यांची यादी छापून घेतली आणि व्यवस्थापकांसमोर एकेक नाव वाचलं. हा कोण? निवृत्त झाले. ही? लग्न होऊन नाशिकला गेली. हे? ते वारले, मॅडम. पण खातं चालू होतं, पासवर्ड चालू होता, दाखला तयार करायचा हक्क चालू होता. सर्व्हरवरही मृत खातेदार होते आणि त्यांच्या नावावर कोणीही पेरणी करू शकत होतं.

ज्यांच्या कार्यालयात, सोसायटीत, शाळेत, दवाखान्यात असा एखादा सर्व्हर आतल्या खोलीत गुणगुणत असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एक दुपार काढा. खात्यांची यादी छापा आणि चावडीवर वाचतात तशी चार माणसांत मोठ्याने वाचा. प्रत्येक नावापुढे विचारा, हा आहे का, आणि असेल तर याला नेमका कोणता हक्क हवा. वेब सर्व्हर कोणाच्या नावाने चालतो तेही विचारा. उत्तर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ आलं तर त्याच दिवशी बदला, दाराबाहेर रांग असली तरी.

आम्ही त्या दिवशी चार खाती बंद केली. नक्कलनवीस नव्या मशीनवर नेला. त्याला अजूनही एकच हक्क आहे.